ध्रुवीय ओझोनचे ऋतुचक्र: उपग्रहचित्राचे वाचन आणि ‘भोक’ या शब्दाची मीमांसा

१

१९७० साली सोडलेल्या निंबस-४ या उपग्रहापासून गणना केली, तर ध्रुवप्रदेशावरील ओझोनचे आकाशातून अवलोकन करण्याच्या उपक्रमास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. या अवधीत जमा झालेली सामग्री विपुल आहे आणि तिचे शास्त्रीय विवेचनही विपुल झाले आहे. तथापि त्यातून मराठी वाचकाच्या पदरात पडले ते मुख्यतः एक चित्र आणि एक शब्द. चित्र म्हणजे दक्षिण ध्रुवाभोवती पसरलेला निळा-जांभळा डाग, आणि शब्द म्हणजे ‘भोक’, किंवा भारदस्त रूपात ‘छिद्र’ अथवा ‘विवर’. प्रस्तुत निबंधात या दोहोंचे परीक्षण करावयाचे आहे. चित्र खोटे नाही आणि शब्दही निखालस चुकीचा नाही. परंतु दोहोंच्या संयोगाने या घटनेचे एक मूलभूत अंग वाचकाच्या नजरेआड झाले आहे. ते अंग म्हणजे ऋतू.

ध्रुवावरील ओझोन वर्षभर एकसारखा नसतो. तो विशिष्ट महिन्यांत घटतो, विशिष्ट महिन्यांत भरून येतो, आणि या चढउतारातच निसर्गाचा भाग कोणता व मनुष्याचा कोणता याचा निवाडा दडलेला आहे. ऋतू वगळून सांगितलेली ओझोनची कथा म्हणूनच अपुरी ठरते, इतकेच नव्हे, तर चुकीच्या निष्कर्षांना वाट करून देते.

२

प्रथम ‘थर’ या शब्दाचा विचार करणे इष्ट होईल, कारण ‘भोक’ हा शब्द त्याच्याच पोटी जन्मला आहे. थर म्हटले की दुधावरील साय किंवा छपरावरील पत्रा यांसारखे काही सलग डोळ्यांसमोर येते, आणि पत्र्याला भोक पडते हे ओघानेच आले. वस्तुस्थिती निराळी आहे. जमिनीपासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात ओझोनचे बहुतांश रेणू विखुरलेले असतात, आणि तेथेही त्यांचे प्रमाण हवेच्या दहा लाख रेणूंमागे जेमतेम आठ-दहा इतकेच असते. हा सारा ओझोन एकत्र करून समुद्रसपाटीच्या दाबास व शून्य अंश तापमानास आणला, तर त्याची जाडी सरासरीने ३ मिलिमीटर भरेल. हीच जाडी ३०० डॉब्सन एकके म्हणून व्यक्त करण्यात येते.

आता दक्षिण ध्रुवावरील घटीकडे पाहू जाता असे आढळते, की ज्यास भोक म्हणतात त्या प्रदेशातही ओझोन शून्यावर येत नाही. ३० सप्टेंबर १९९४ रोजी नोंदले गेलेले ७३ एकके हे मूल्य नीचांकांपैकी अग्रगण्य होय. सुमारे १४ ते २० किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात ऑक्टोबरच्या प्रारंभी ओझोन जवळजवळ नामशेष होतो हे खरे. पण त्याच्या वरचा भाग बव्हंशी शाबूत राहतो. म्हणजे येथे आरपार भोक नसून उभ्या स्तंभाचा मधला भाग पोखरला जाणे आहे. हा भेद वरून काढलेल्या सपाट चित्रात दिसू शकत नाही, कारण ते चित्र स्तंभाची एकूण बेरीज तेवढी रंगाने दर्शविते.

३

हे रंग म्हणजे तरी काय? ते उपग्रहाने पाहिलेले नसून आकड्यांना दिलेले आहेत. २२० एककांच्या खालील प्रदेश ‘भोक’ म्हणून मोजण्याचा प्रघात आहे. १९७९ पूर्वीच्या अंटार्क्टिकावरील नोंदींत इतके खालचे मूल्य आढळत नाही, म्हणून ही मर्यादा स्वीकारण्यात आली. तिच्यामागे इतिहास आहे; रसायनशास्त्रातील एखादी नैसर्गिक सीमारेषा नाही.

या मर्यादेचा अर्थ नीट उमगावा म्हणून ठाण्याच्या पूर्वेस, खाडीच्या अंगाला वसलेल्या कोपरीचे उदाहरण घेता येईल. कोपरी सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. या अक्षांशावर ओझोनचा स्तंभ साधारणतः २५० ते २८० एककांच्या दरम्यान राहतो, आणि ऋतुपरत्वे होणारा त्याचा चढउतार बेताचाच असतो. उलट, उत्तर ध्रुवप्रदेशावर मार्च-एप्रिलमध्ये हाच स्तंभ ४०० एककांच्या वर जातो. म्हणजे कोपरीच्या माथ्यावरील ओझोन ‘भोका’च्या मर्यादेपेक्षा फार तर तीस-साठ एककांनीच अधिक आहे. एखाद्या विद्यार्थ्याने ध्रुवीय नकाशाची रंगपट्टी उचलून आपल्या गावावर ठेवली, तर कोपरीवरील ओझोन धोक्याच्या काठावर उभा आहे असा भ्रम त्यास सहज होईल. वास्तविक ती तेथील स्वाभाविक स्थिती आहे. एकच आकडा एका अक्षांशावर आरोग्याचे लक्षण असतो आणि दुसऱ्या अक्षांशावर रोगाचे.

यातून एक विस्मयकारक गोष्ट निष्पन्न होते. ओझोनची निर्मिती मुख्यतः उष्ण कटिबंधाच्या माथ्यावर होते, कारण ऑक्सिजनच्या रेणूचे विघटन करणारे प्रखर अतिनील किरण तेथेच मुबलक पडतात. पण तेथे तो साचून राहत नाही. ब्रूअर आणि डॉब्सन यांच्या नावाने ओळखले जाणारे संथ अभिसरण तो वर उचलून ध्रुवांकडे वाहून नेते आणि हिवाळ्यात तेथे खाली उतरविते. निर्मितीचा प्रदेश तुटीचा आणि साठ्याचा प्रदेश दूरचा, अशी ही व्यवस्था आहे. ध्रुवावरील ओझोनचे ऋतुचक्र म्हणजे पर्यायाने कोपरीसारख्या स्थळांच्या आकाशातून निघालेल्या मालाच्या आवकजावकेचा हिशेब होय.

येथे आणखी एका गोंधळाचा निर्देश करून पुढे जाणे योग्य ठरेल. द्रुतगती महामार्गावरील कोपरी पुलावर वाहनांची जी दाटी होते, तिच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे व सेंद्रिय बाष्पे यांच्यावर ऊन पडून जमिनीलगतही ओझोन तयार होतो. तो श्वसनास अपायकारक असून २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार त्याची आठ तासांची मर्यादा घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली आहे. हा ओझोन वर जाऊन ध्रुवावरील तूट भरून काढीत नाही. नाव एक असले तरी दोन्ही प्रश्न भिन्न आहेत.

४

ध्रुवीय घट कशी उघडकीस आली, याविषयी एक आख्यायिका वारंवार सांगितली जाते. तिचा आशय असा, की उपग्रहाने ही घट केव्हाच पाहिली होती, परंतु फार खालची मूल्ये फेकून द्यावयाची असा आदेश संगणकास दिलेला असल्याने ती शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडली नाही. यंत्राचा अंधपणा आणि मनुष्याची फसगत दाखविणारी ही कथा आकर्षक असली, तरी यथार्थ नाही.

ऑक्टोबर १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस-७ वरील मापकाची १८० एककांखालील मूल्ये संशयास्पद म्हणून चिन्हांकित केली जात; ती नष्ट केली जात नसत. १९८४ साली आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरची सामग्री तपासताना अशा चिन्हांची गर्दी पवनकुमार भारतीय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आली. पडताळ्यासाठी त्यांनी दक्षिण ध्रुवावरील केंद्राची नोंद पाहिली, तो तेथे ३०० एकके आढळली. ती भूनोंदच सदोष होती हे पुढे निष्पन्न झाले. दरम्यान मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी हॅली बे येथील भूस्थित उपकरणाच्या आधारे आपला निबंध प्रसिद्ध केला. ऑक्टोबरची तेथील सरासरी पूर्वी ३०० एककांच्या आसपास असे, ती १९८४ पर्यंत २०० च्या आसपास आली होती. त्याआधी १९८२ साली जपानच्या स्योवा केंद्रावर चुबाची यांनीही असाधारण कमी मूल्ये मोजली होती आणि १९८४ मध्ये ग्रीसमधील परिषदेत ती मांडली होती. ऑगस्ट १९८५ मध्ये प्राग येथे उपग्रहाचे नकाशे सादर झाले, तेव्हा ही घट एखाद्या केंद्रापुरती नसून सबंध खंडावर पसरलेली आहे हे स्पष्ट झाले.

या इतिहासाचे तात्पर्य उपग्रह आंधळा होता असे नाही, की जमिनीवरचे उपकरण अचूक होते असेही नाही. एका ठिकाणी भूनोंदीने सत्य सांगितले, दुसऱ्या ठिकाणी भूनोंदीनेच दिशाभूल केली. उपग्रहापाशी विस्तार होता, हॅलीपाशी १९५६-५७ पासूनची अखंड स्मृती होती. एकाच्या साक्षीवाचून दुसऱ्याची साक्ष पुरी होत नव्हती.

ऋतूचा प्रश्न येथे प्रथमच ठळकपणे उभा राहतो. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या सुमारास हॅलीची पहिली मोजमापे हाती आली, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमधील आकडे उत्तरेकडील स्पिट्सबर्गेनच्या तत्सम महिन्यांच्या मानाने सुमारे १५० एककांनी कमी भरलेले पाहून खुद्द डॉब्सन चकित झाले होते. नोव्हेंबरमध्ये मात्र ते एकाएकी वर चढले. याचे कारण रासायनिक नव्हते. दक्षिणेकडील हिवाळी वायुभोवरा अधिक बळकट व दीर्घायुषी असल्यामुळे बाहेरचा ओझोन आत शिरावयास विलंब लागतो, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे काही आक्षेपकांनी याच नोंदीचा दाखला देऊन, भोक तर १९५० च्या दशकातही होते, मग क्लोरीनयुक्त रसायनांना दोष कशासाठी, असा युक्तिवाद केला. तो टिकत नाही. डॉब्सन यांनी पाहिलेली मूल्ये ३०० च्या आसपासची होती. १९८० नंतरची मूल्ये त्याच महिन्यांत २०० च्या खाली आणि पुढे १०० च्याही खाली गेली. पहिली गोष्ट ऋतूची आहे, दुसरी त्या ऋतूत मनुष्याने घातलेल्या भरीची.

५

उपग्रह ओझोन कसा मोजतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या साक्षीचे मूल्यमापन करता येत नाही. निंबस-७ पासून २००४ च्या ऑरा उपग्रहावरील मापकापर्यंतची प्रमुख परंपरा परावर्तित अतिनील प्रकाशावर आधारलेली आहे. सूर्यकिरण वातावरणात शिरून परत फिरतात, तेव्हा ओझोन त्यातील काही तरंगलांबी शोषून घेतो, आणि शोषणाच्या प्रमाणावरून स्तंभाचा अंदाज बांधला जातो. या पद्धतीस सूर्य हवा. ध्रुवीय रात्रीत ती निरुपयोगी ठरते. प्रत्यक्ष दक्षिण ध्रुवावर सूर्य उगवतो तो सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तोवर अशा नकाशाचा मध्यभाग रिकामा असतो, किंवा गणिती प्रतिमानाने भरून काढलेला असतो.

नाट्याची सारी पूर्वतयारी मात्र याच अंधारात होते. मे ते ऑगस्ट या काळात भोवऱ्याच्या आतील हवा उणे ७८ अंशांच्याही खाली जाते आणि तेथे विरळ मेघ तयार होतात. क्लोरोफ्लुओरोकार्बनांपासून आलेले क्लोरीन तोवर निरुपद्रवी संयुगांत अडकून पडलेले असते. या मेघकणांच्या पृष्ठभागावर ते सुटे होते, आणि ऑगस्टअखेर उजेडाची कड आत सरकू लागली की ओझोनचा संहार आरंभतो. मेघांची ही कामगिरी सुसान सॉलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये सुचविली, आणि १९८७ च्या विमान-मोहिमेत भोवऱ्याच्या आत क्लोरीन मोनॉक्साइड वाढते तसा ओझोन घटतो हे प्रत्यक्ष मोजले गेले. म्हणजे उजेडात दिसणारी घट ही कृती आहे. तिची सिद्धता काळोखात झालेली असते. काळोखात पाहू शकणारी सूक्ष्मलहरी-मापके पुढे उपग्रहांवर बसविण्यात आली, हे खरे. परंतु लोकांपुढे येणारे चित्र बहुधा उजेडातल्या परंपरेचेच असते.

काळोखातील स्तंभाची उभी रचना जाणण्याचे जुने व विश्वसनीय साधन म्हणजे फुगा, आणि येथे महाराष्ट्राचा संबंध थेट येतो. भारतात ओझोनमापन १९२८-२९ इतके जुने आहे. डॉब्सन यांनी जगभर धाडलेल्या पहिल्या मोजक्या उपकरणांपैकी एक कोडाईकनाल येथे आले होते. पुढे अहमदाबादेत के. आर. रामनाथन यांनी या विषयाची परंपरा घडविली. पुण्याच्या वेधशाळेत ॲना मणी यांच्या प्रेरणेने १९६० च्या दशकात भारतीय बनावटीचा ओझोन-संवेदक सिद्ध झाला. त्याच्या घडणीत सी. आर. श्रीधरन यांचा वाटा मोठा होता. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून हवा ओढली असता ओझोनच्या प्रमाणात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, या साध्या तत्त्वावर तो चालतो. याच जातीचे संवेदक अंटार्क्टिकावरील दक्षिण गंगोत्री आणि नंतर मैत्री या भारतीय केंद्रांवरून फुग्यांबरोबर सोडण्यात आले. मैत्री सुमारे ७० अंश ४६ कला दक्षिण अक्षांशावर असून तेथे हिवाळ्यात जवळजवळ दोन महिने सूर्यदर्शन होत नाही. फुग्याला त्याची क्षिती नसते.

याउलट २०१३ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डी हा भारतीय उपग्रह अवरक्त पट्ट्यात ओझोन मोजण्यास समर्थ असूनही ध्रुव पाहू शकला नाही. विषुववृत्तावर स्थिर राहणाऱ्या उपग्रहाच्या दृष्टीस ध्रुव पडत नाहीत. पृथ्वीची वक्रता आड येते. ध्रुवासाठी ध्रुवावरून फेऱ्या घालणाराच उपग्रह लागतो. ‘उपग्रहाने पाहिले’ हे सरसकट विधान म्हणूनच निरर्थक आहे. कोणत्या कक्षेतून, कोणत्या प्रकाशात आणि कोणत्या महिन्यात पाहिले, हे सांगितल्यावाचून त्यास प्रमाण मानता येत नाही.

६

महिन्याचा प्रश्न मराठी लेखनात आणखी एका कारणाने बिकट झाला आहे. इंग्रजी ग्रंथांतील उल्लेखांचे भाषांतर करून ‘अंटार्क्टिकावर वसंत ऋतूत ओझोन घटतो’ असे लिहिण्याची पद्धत पडली आहे. मराठी वाचकाचा वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. अंटार्क्टिकावरील घट घडते ती भाद्रपद, आश्विन आणि कार्तिकात. कोपरीत गणपतींचे विसर्जन होऊन दिवाळीचे वेध लागतात, तेव्हा तिकडे ती कळसास पोहोचते. येथील तो शरद होय. शब्दाचे भाषांतर बिनचूक आणि अर्थाचे भाषांतर साफ चुकलेले, असा हा प्रकार आहे. शिवाय उत्तर ध्रुवावरील घट, जी १९९० च्या दशकात, २०११ मध्ये आणि २०२० मध्ये विशेष जाणवली, ती खरोखरच फाल्गुन-चैत्राच्या सुमारास होते. दोन्ही ध्रुवांना एकच ‘वसंत’ लावल्याने विद्यार्थ्यास त्यातील सहा महिन्यांचे अंतरच कळत नाही. सरळ महिन्याचे नाव घालावे, हा यावरील साधा उपाय आहे.

‘भोका’ला पर्याय कोणता? कोपरीच्या पायथ्याशी असलेल्या खाडीकडे पाहिले, तर ‘ओहोटी’ हा शब्द सुचतो. ओहोटी ठरल्या वेळी येते, ठरल्या वेळी सरते. उधाणाच्या दिवशी ती खोल जाते, भांगाच्या दिवशी उथळ राहते. वर्षातून एकदा घटणाऱ्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भोवरा मोडताच भरून येणाऱ्या ओझोनला हे रूपक ‘भोका’पेक्षा कितीतरी अधिक शोभते. पत्र्याचे भोक आपोआप बुजत नाही; हे मात्र दरसाल बुजते.

परंतु या शब्दातही एक घातक उणीव आहे. ओहोटीला कोणी जबाबदार नसतो. ती चंद्राची करणी आहे. तिच्याविरुद्ध तह करावा लागत नाही. ध्रुवीय ओझोनची खोल घट ही तशी नाही. मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ मध्येच क्लोरोफ्लुओरोकार्बनांचा धोका दाखवून दिला होता. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. या साऱ्यामागे ‘भोक’ या ओबडधोबड शब्दाचे बळ होते हे नाकारता येत नाही. भोक म्हटले की ते कोणी पाडले, हा प्रश्न आपोआप उठतो. ‘ओहोटी’ म्हटले की तो विझतो, आणि १९५० च्या दशकाचा दाखला देणाऱ्या आक्षेपकास आयतेच हत्यार मिळते.

तेव्हा प्रामाणिक निष्कर्ष असा, की ‘भोक’ दोष सांगते आणि ऋतू लपविते. ‘ओहोटी’ ऋतू सांगते आणि दोष लपविते. कोणताही एक शब्द हा भार पेलू शकत नाही. ‘ओझोनचा ऋतुकालीन क्षय’ ही शब्दयोजना बोजड असली, तरी ‘क्षय’ शब्दात रोगाची सूचना आहे आणि ‘ऋतुकालीन’ या विशेषणात काळाची. पाठ्यपुस्तकांत तिला स्थान द्यावयास हरकत नसावी. ‘भोक’ व्याख्यानात राहील. मात्र ते प्रत्येक वेळी महिन्यासह उच्चारले जावे.

७

या शब्दचर्चेतून प्रत्यक्ष शास्त्रात काय साधते, असा प्रश्न केला जाईल. त्याचे उत्तर २०१६ मधील एका संशोधनात मिळते. क्लोरीनयुक्त द्रव्ये कमी झाल्यावर ओझोन सावरतो आहे काय, हे पाहण्यासाठी अनेकांची दृष्टी ऑक्टोबरवर खिळलेली होती, कारण चित्र ऑक्टोबरचेच प्रसिद्ध होते. ऑक्टोबरमध्ये खालच्या पट्ट्यातील ओझोन जवळजवळ संपूनच गेलेला असल्याने क्लोरीन थोडे घटले तरी फरक उमटत नाही; त्यातच हवामानाच्या लहरींचा गोंधळ अधिक. सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर निवडला, म्हणजे संहार चालू असतानाचा महिना. त्यात सुधारणा स्पष्ट दिसली: २००० च्या तुलनेत घटीचे क्षेत्र सुमारे ४० लाख चौरस किलोमीटरने आक्रसले होते. तोच उपग्रह, तीच सामग्री, पण योग्य महिन्याचे वाचन केल्याबरोबर वेगळे सत्य हाती आले.

याच न्यायाने एखाद्या वर्षाच्या एका चित्रावरून आनंद किंवा शोक करणेही अनुचित ठरते. २०१९ साली घटीचे क्षेत्र फार लहान राहिले, ते सप्टेंबरमध्ये ध्रुवीय हवा अकस्मात तापल्यामुळे. २०२० साली ते मोठे व दीर्घायुषी झाले, ते भोवरा थंड आणि स्थिर राहिल्यामुळे. यांपैकी एकातही कराराचे यश किंवा अपयश वाचता येत नाही. जागतिक मूल्यमापनाच्या २०२२ मधील अहवालानुसार सध्याची धोरणे टिकली, तर अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६ च्या सुमारास आणि आर्क्टिकवरील २०४५ च्या सुमारास १९८० च्या पातळीस येईल. ‘टिकली तर’ या अटीस अर्थ आहे. २०१२ नंतर सीएफसी-११ चे अनपेक्षित उत्सर्जन वाढल्याचे २०१८ मध्ये उघड झाले, आणि ते वातावरणातील अखंड मोजमापांमुळेच उघड झाले.

इतक्या दीर्घ प्रतीक्षेत नोंदीत खंड पडणे परवडणारे नाही. निंबसपासून चालत आलेल्या मापकांच्या मालिकेत १९९५ हे वर्ष रिकामे गेले, कारण आधीचे उपकरण बंद पडले होते आणि पुढचे १९९६ च्या मध्यापर्यंत आकाशात गेले नव्हते; ती जागा अन्य उपकरणांच्या आधारे भरावी लागली. दरसाल प्रसिद्ध होणारे निळे-जांभळे चित्र अशा रिकाम्या जागांविषयी काहीच सांगत नाही. ती शोधावयाची, तर चित्र बाजूस ठेवून महिन्यामहिन्याच्या रकान्यांकडे वळावे लागते, मग ती नोंद हॅलीची असो, मैत्रीवरच्या फुग्याची असो, किंवा उपग्रहाची. पदव्युत्तर वर्गात ध्रुवीय ओझोनचा पाठ त्या रकान्यांपासून आरंभावा आणि चित्र शेवटी दाखवावे. म्हणजे विद्यार्थ्यास त्यातील डाग दिसण्यापूर्वी त्याची तारीख दिसेल.